दुकान सगळ्यात शेवटी: कष्टकऱ्यांची पुस्तकं काढू पाहणाऱ्यांसाठी

वस्तीत पुस्तकांचं दुकान काढायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारी माणसं मला वरचेवर भेटतात. बहुतेकांनी तोवर एखादा गाळा बघूनही ठेवलेला असतो. त्या सगळ्यांना मी एकच सांगतो: गाळा राहू द्या. आधी आठ-दहा माणसं जमवा, त्यांना बोलू द्या, लिहू द्या, त्यांचं एक छोटं पुस्तक काढा, ते हातोहात विका. दुकान त्यानंतर.

हे अनुभवाचे बोल आहेत. आम्ही उलट केलं होतं. आधी जागा घेतली, फळ्या ठोकल्या, चांगली चांगली पुस्तकं आणून मांडली. लोक दारापर्यंत यायचे, आत डोकवायचे आणि निघून जायचे. भाडं चुकवता चुकवता अकराव्या महिन्यात कुलूप लावलं. पुस्तकांत खोट नव्हती. पण त्यातलं एकही त्या गल्लीतल्या माणसानं लिहिलेलं नव्हतं, आणि दुकान आपलं आहे असं वाटायला गल्लीला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या खेपेला आम्ही बैठकीपासून सुरुवात केली. ते आजवर टिकलं.

इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरातलं क्वीनस्पार्क हे लोकांनीच चालवलेलं प्रकाशन असंच आधी माणसं, मग पुस्तकं या वाटेनं गेलं. १९७२ मध्ये तिथल्या रहिवाशांनी बागेतल्या एका जुन्या इमारतीचा जुगारखाना होऊ नये म्हणून लढा दिला. त्या लढ्यासाठी लोकांनी आपलं स्थानिक वर्तमानपत्र काढलं, घरोघर जाऊन विकलं. पुस्तकं त्यानंतर आली, आणि ती शेजारपाजारच्या सामान्य माणसांच्या आठवणींची होती. गिऱ्हाईक आधीच तयार होतं, कारण पेपर विकायला तीच माणसं दारात येत होती.

पहिली पायरी : बैठक

आठवड्यातला एक ठरावीक वार, ठरावीक वेळ, ठरावीक जागा. वार बदलला की माणसं गळतात. वेळ ठरवताना कामाच्या पाळ्या विचारात घ्या. रात्रपाळीची माणसं संध्याकाळी निघतात, घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन तास मोकळ्या असतात, आणि ज्यांना लहान मुलं आहेत त्यांना मुलं घेऊन येता आलं पाहिजे. मुलांकडे बघायला एक माणूस नेमा. ही सोय नसेल तर बैठकीला फक्त पुरुष येतात, आणि मग पुस्तकही फक्त त्यांचंच होतं.

जागा फुकटची बघा. कामगार संघटनेची खोली, वाचनालयाचा कोपरा, कुणाचं तरी घर. शाळेची वर्गखोली शक्यतो टाळा. शाळेत ज्यांचा अपमान झालाय ती माणसं त्या बाकावर बसली की पुन्हा गप्प होतात.

पहिल्या दिवशी कुणालाही ‘लिहा’ म्हणू नका. एक वस्तू मागा: कामावर रोज हातात असते ती. कुणी कानस आणेल, कुणी हातमोजे, कुणी हजेरीचं कार्ड. त्या वस्तूबद्दल पाच मिनिटं बोलायचं. लेखन तिथूनच सुरू होतं. ‘माझं जीवन’ असा विषय दिलात तर सगळे भाषण करतील. ‘पहिल्या पगाराचं काय केलं’ असं विचारलंत तर सगळे आठवायला लागतील.

दुसरी पायरी : बोललेलं कागदावर आणणं

बैठकीत काही जण लिहितात, काहींची लिहायची सवय मोडलेली असते, काहींना लिहिताच येत नाही. तिघांचंही पुस्तकात यायला हवं. न लिहिणाऱ्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि उतरवून काढा. एक तासाचं बोलणं उतरवायला नवख्याला सहज पाच-सहा तास लागतात, तेव्हा एकावेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त ध्वनिमुद्रण करू नका. सुरू करण्याआधी विचारा, आणि कधीही बंद करता येईल हे सांगा.

आता या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट. आमच्याकडे कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या एक बाई यायच्या. मशीनची सुई बोटातून आरपार गेली तो प्रसंग त्यांनी सांगितला. त्यांचं वाक्य होतं: ‘सुई गेली तशी मी आधी कापड बाजूला ओढलं, डाग पडला तर पीसचे पैसे कापतात.’ उतरवून घेणारा मुलगा कॉलेजातला, मनानं चांगला. त्यानं लिहिलं: ‘असह्य वेदना होत असतानाही तिने आपल्या कर्तव्याला प्राधान्य दिले.’ पुढच्या बैठकीत त्यानं ते वाचून दाखवलं. बाई ऐकत राहिल्या. मग पदराच्या टोकाशी चाळा करत हळूच म्हणाल्या, ‘हे मी नाही बोलले.’ मुलाचा चेहरा उतरला. आम्ही ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. त्या वाक्यात पीसचा दर आहे, मालकाचा नियम आहे, आणि रक्त वाहत असताना पैशाचा हिशोब करावा लागलेली बाई आहे. ‘कर्तव्य’ या शब्दानं यातलं सगळं पुसून टाकलं होतं.

तेव्हा नियम करा: उतरवलेलं प्रत्येक पान सांगणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि तो हो म्हणाला तरच पुढे जायचं. बोलीतलं रूप, कामावरचे शब्द, शिव्या, सगळं सांगणाऱ्याच्या मर्जीवर. कुणाला आपलं बोलणं प्रमाण भाषेत छापून हवं असतं. तोही त्याचा हक्क. ‘खरा कामगार असा बोलत नाही’ हे त्याला आपण सांगायचं नाही.

तिसरी पायरी : निवड आणि संपादन

संपादन म्हणजे भाषा धुऊन काढणं हा समज आधी सोडा. संपादकाचं काम प्रश्न विचारण्याचं. ‘इथे मुकादम कुठे उभा होता?’ ‘मग घरी काय सांगितलंत?’ उत्तर आलं की ते मजकुरात जातं, मजकूर उजळतो. पाल्हाळ कापायचा, पण कापण्याआधी लेखकाला दाखवून. शुद्धलेखन पक्कं करायचं, कारण छपाईतल्या चुकांचं खापर वाचक लेखकाच्या शिक्षणावर फोडतो. प्रूफं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, दोघांनी वाचायची, त्यातल्या एकानं मोठ्यानं.

पश्चिम जर्मनीत १९७० मध्ये वेर्कक्राइस लिटराटुर डेर आर्बाइट्सवेल्ट या नावानं कामगार-लेखकांचं मंडळ सुरू झालं. गावोगावच्या कार्यशाळांत जमून कामगार आणि कारकून आपापलं लेखन सगळ्यांपुढे वाचायचे, चर्चा करायचे, पुन्हा लिहायचे. ही पद्धत आजही उत्तम आहे, फक्त एक पथ्य पाळा: वाचून झाल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त काय लक्षात राहिलं तेवढंच बोलायचं. दोष नंतर. नव्या माणसाला ही दहा मिनिटं मिळाली नाहीत तर तो दुसऱ्यांदा येत नाही.

‘हे साहित्य आहे का?’ हा प्रश्न बाहेरून येणारच. ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये अशा गटांनी एकत्र येऊन फेडरेशन ऑफ वर्कर रायटर्स अँड कम्युनिटी पब्लिशर्स स्थापन केलं, त्यानंतर कलेसाठी सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेनं साहित्यिक दर्जा नाही या कारणावरून त्यांना मदत नाकारली होती. फेडरेशन तरीही तीस वर्षं चाललं, आणि त्याच्या गटांनी शेकडो पुस्तकं-पुस्तिका काढल्या. म्हणून पहिल्या पुस्तकासाठी कुणाच्या अनुदानाची वाट बघू नका. आणि दर्जाची चर्चा बैठकीत जरूर करा. आपलं लेखन चांगलं व्हावं ही ओढ कष्टकऱ्यालाही असतेच. ‘तुमच्या मानानं छान’ असली शाबासकी ऐकून घेण्यापेक्षा माणूस घरी बसणं पसंत करतो.

चौथी पायरी : छापण्याआधीची कागदपत्रं

दोनच कागद, पण टाळू नका.

एक, लेखकाशी करार. एका पानाचा, बोलीभाषेत, वाचून दाखवलेला. त्यात एवढं हवं: स्वामित्वहक्क लेखकाचा, मंडळाला, म्हणजे पुस्तक काढणाऱ्या आपल्या गटाला, फक्त या आवृत्तीपुरती छापायची परवानगी, पुढची आवृत्ती, भाषांतर किंवा दुसरीकडे छापणं यासाठी पुन्हा विचारायचं, लेखकाला अमुक प्रती फुकट, आणि खर्च निघाल्यावर उरलेल्या पैशात अमुक वाटा. ‘आपल्यात कशाला करार’ असं म्हणणारी माणसं प्रेमानंच म्हणतात. पण पुढे दुसऱ्या प्रकाशकानं विचारणा केली की भांडण याच जागी पेटतं.

दोन, नावांची यादी. मजकुरात कुणाकुणाची नावं आलीत ते लिहून काढा आणि प्रत्येकापुढे ठरवा: खरं ठेवायचं, बदलायचं, की काढायचं. नोकरीवर असलेल्या लेखकानं मालकाबद्दल लिहिलंय का? मग टोपणनाव विचारात घ्या. पण नुसतं नाव बदलून भागत नाही, कारण ‘तिसऱ्या मजल्यावरची एकटी पॅकर’ म्हटलं की तिथे सगळ्यांना कळतं. आरोप असेल तर पुरावा हातात आहे का ते बघा आणि छापण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. सासर-माहेर, भावकी, शेजारी यांच्याबद्दलही हेच. पुस्तक गल्लीतच विकलं जाणार असतं, आणि लेखकाला त्याच गल्लीत राहायचं असतं.

पाचवी पायरी : पुस्तकाचा घाट

लहान ठेवा. पहिलं पुस्तक ४८ किंवा ६४ पानांचं पुरे. मधोमध पिना मारायच्या तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. मोठ्या छापखान्यात सोळा पानांच्या फॉर्मच्या (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या) हिशोबानं जा, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे भराल. साध्या ८० ग्रॅमच्या कागदाला ६४ पानांपर्यंत पिना चालतात. त्यापुढे पुस्तक फुगतं, मग पाठीला गोंद लावून बांधणी करावी लागते. ए-५ आकार सगळ्यात सोयीचा, कारण ए-४ कागद मधून दुमडला की तो तयार होतो.

देवनागरी टाइप १४ पॉइंटाच्या खाली नेऊ नका, आणि ओळींत मोकळी जागा सोडा. तुमचा वाचक दिवसभर राबून, बहुधा अपुऱ्या उजेडात वाचणार आहे. काहींनी शाळा सोडल्यानंतर हे पहिलंच पुस्तक हातात धरलेलं असतं. पांढऱ्याशुभ्र चकचकीत कागदापेक्षा पिवळसर कागद डोळ्यांना बरा.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या जिरार्ड या छोट्या गावातून इमॅन्युएल हाल्डमन-जूलियस यांनी १९१९ पासून निळ्या छोट्या पुस्तिका काढल्या. अंदाजे साडेतीन बाय पाच इंचांच्या, सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या, पुढे किंमत पाच सेंटपर्यंत उतरवलेल्या. कामावर जाता-येता वाचता याव्यात हा हेतू होता आणि त्या कोट्यवधी खपल्या. आकार आणि किंमत ठरवताना वाचकाचा खिसा डोळ्यांपुढे ठेवायचा, तो असा.

दुसरं उदाहरण ब्वेनोस आयरेसचं. २००१ च्या आर्थिक कोसळणीनंतर तिथे हजारो लोक रस्त्यावरचा पुठ्ठा गोळा करून पोट भरू लागले. २००३ मध्ये सुरू झालेल्या एलोइसा कार्तोनेरा या सहकारी प्रकाशनानं त्यांच्याकडून बाजारभावापेक्षा जास्त दरानं पुठ्ठा घेतला, त्याची मुखपृष्ठं कापली आणि हातानं रंगवली. प्रत्येक प्रत वेगळी. लॅटिन अमेरिकेत मग अशी कितीतरी प्रकाशनं उभी राहिली. पुठ्ठा वेचणाऱ्यालाही त्या पुस्तकातून चार पैसे मिळाले, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिली आवृत्ती स्वतः बांधून बघाच. छापलेले कागद क्रमानं टेबलाभोवती मांडायचे, सगळ्यांनी रांगेनं फेऱ्या मारत एकेक उचलायचा, टोकं टेबलावर ठोकून सारखी करायची, दुमड पट्टीच्या कडेनं दाबायची, लांब हाताच्या स्टेपलरनं दोन पिना. चार जणांनी एका दुपारी २०० प्रती होतात. एक माणूस फक्त पानं तपासायला ठेवा. आमच्या पहिल्या पुस्तिकेच्या तीसेक प्रतींत एकच कागद दोनदा लागला होता, आणि ते आम्हाला विक्रीच्या टेबलावर कळलं. त्या दुपारी मात्र एक आजोबा स्वतःच्या आठवणींचं पान दुमडता दुमडता थांबले, चष्मा पुसला आणि तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचून काढलं. कुणी घाई केली नाही.

श्रेयपानावर छपाईचं वर्ष, मंडळाचा पत्ता, लेखकाचा स्वामित्वहक्क आणि मुद्रकाचं नाव हवंच. आयएसबीएन हा तेरा अंकी क्रमांक दुकानांतून आणि ग्रंथालयांतून विकायचं तर उपयोगी पडतो. तो काही देशांत फुकट मिळतो, काही ठिकाणी पैसे पडतात. हातोहात विकायच्या पुस्तिकेचं त्यावाचून अडत नाही.

सहावी पायरी : किती प्रती, काय किंमत

मोजून बघा: बैठकीतला प्रत्येक माणूस किती जणांना स्वतः पुस्तक देऊ शकेल? दहा माणसं गुणिले पंधरा ओळखी. दीडशे झाल्या, तर दोनशे छापा. ‘हजार छापल्या की प्रत स्वस्त पडते’ असं छापखानेवाला सांगेल. प्रत स्वस्त पडते हे खरं, पण न खपलेल्या आठशे प्रती कुणाच्या तरी खाटेखाली वर्षानुवर्षं पडून राहतात आणि दुसऱ्या पुस्तकाचा उत्साह त्याच खातात. संपल्या की पुन्हा छापा.

किमतीचा आमचा ठोकताळा असा: निम्म्या प्रती विकल्यावर छपाईचं सगळं बिल सुटलं पाहिजे. दोनशे प्रती असतील तर बिलाला शंभरानं भागा, ती किंमत. उरलेल्या शंभरातून फुकट द्यायच्या प्रती, दुकानदारांचं कमिशन, लेखकाचा वाटा आणि पुढच्या पुस्तकाचा कागद निघतो. आलेला आकडा एका तासाच्या मजुरीपेक्षा जास्त होत असेल तर पानं कमी करा किंवा बांधणी साधी करा. किंमत वाढवू नका.

आगाऊ पैसे हवे असतील तर नावनोंदणी करा. शिकागोच्या चार्ल्स एच. कर प्रकाशनानं, ज्याची सुरुवात १८८६ ची, दहा डॉलरचा एक असे भाग (शेअर) सामान्य वाचकांना विकून भांडवल उभं केलं होतं. भागधारकाला पुस्तकं सवलतीत मिळायची. एका धनिकाच्या देणगीपेक्षा दोनशे वाचकांचे छोटे भाग केव्हाही बरे. पुढे काय छापायचं यावर मग कुणा एकाची सत्ता चालत नाही.

सातवी पायरी : विक्री

प्रकाशनाचा कार्यक्रम म्हणजे लेखकांनी वाचून दाखवणं. पाहुण्यांची भाषणं नकोत. प्रत्येकानं चार मिनिटं वाचायचं, आधी दोनदा तालीम करून. घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा. बापाला कधी कुणी माइकवर बोलताना न पाहिलेली मुलं तिथे असतात.

मग टेबल घेऊन बाहेर पडा. पगाराच्या दिवशी कारखान्याचं फाटक, संघटनेच्या सभा, बाजाराचा दिवस. दुकानदार बहुधा जांगडीवर माल ठेवतात, म्हणजे विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. कमिशन तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातं. प्रती दिल्या की चिठ्ठीवर सही घ्या आणि दोन महिन्यांनी स्वतः जाऊन हिशोब करा. कुणी आपणहून फोन करत नाही.

पैशाची कीर्द पहिल्या दिवसापासून लिहा. पैसे हाताळणारा एक, वही लिहिणारा दुसरा, आणि दर महिन्याला बैठकीत वही मोठ्यानं वाचायची. आमच्यासारख्या गटांत फूट पडते ती बहुतेकदा विचारांवरून पडत नाही. ‘त्या टेबलावरचे पैसे कुठे गेले’ या एका प्रश्नावरून पडते, आणि खाल्लेले नसले तरी पडते.

आठवी पायरी : आता दुकान

तीन-चार पुस्तकं झाली, टेबलाभोवती तीच तीच माणसं दर आठवड्याला दिसू लागली, की दुकानाचा विचार करा.

लंडनच्या हॅकनी भागात १९७१ मध्ये सेंटरप्राइज सुरू झालं. कामगारवस्तीचा भाग. तिथे पुस्तकांसोबत कॉफी होती, बसायला जागा होती, कायदेशीर सल्ला मिळायचा, आणि आतूनच स्थानिक लोकांची पुस्तकं निघायची. ते चाळीस वर्षं चाललं, २०१२ मध्ये बंद झालं. ‘पुस्तकाच्या दुकानात शिरायची मला लाज वाटते’ असं सांगणारा माणूस कॉफी प्यायला शिरतो, घरभाड्याची नोटीस दाखवायला शिरतो. मग फळीकडे नजर जाते.

म्हणून पूर्ण गाळा घेण्याआधी कुणाच्या तरी जागेत फळी मागा: सहकारी पतसंस्था, दवाखान्याची बाहेरची खोली, संघटनेचं कार्यालय. सहा महिने ती फळी सांभाळून दाखवा. गाळा घेतलात तर भाडं फक्त पुस्तकांच्या विक्रीतून निघेल असं धरून चालू नका. जुनी पुस्तकं, वह्या-पेनं, फोटोकॉपी, अर्ज भरून देणं, शिकवण्या, यातलं काहीतरी जोडीला लागतंच. उघडण्याच्या वेळा पाळ्या सुटण्याशी जुळवा. सकाळी अकरा ते पाच उघडं असणारं दुकान राबणाऱ्याला कायम बंदच दिसतं.

दाराशी, डोळ्यांच्या उंचीवर, वस्तीतल्या लेखकांची पुस्तकं. त्याच्याशेजारी मुलांची. कायदे, आरोग्य, मजुरीचे हक्क यांच्या पातळ पुस्तिका हाताशी. मोठे ग्रंथ आत. उभं राहून पूर्ण पुस्तक वाचणाऱ्याला कुणी हटकायचं नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. गल्ल्यावर बसणाऱ्याला पगार द्या. थोडा का होईना, ठरलेल्या दिवशी.

आणि पहिल्या पुस्तकापासूनच एक पेटी करा. प्रत्येक पुस्तकाच्या पाच प्रती, हस्तलिखितं, ध्वनिमुद्रणांच्या दोन नकला, करार, कीर्दीच्या वह्या. बऱ्याच देशांत राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवणं कायद्यानं बंधनकारक असतं. ती पाठवा, पोच जपून ठेवा. त्या ब्रिटिश फेडरेशनच्या गटांनी काढलेल्या पुस्तिका आज लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठातल्या टीयूसी (ब्रिटनमधल्या कामगार संघटनांचा महासंघ) ग्रंथसंग्रहात वाचायला मिळतात, कारण कुणीतरी त्या खोक्यांत भरून, नाव-वर्ष लिहून ठेवल्या होत्या. पेटी जमिनीपासून वर, ओल लागणार नाही अशी ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, आणि किल्ली दोघांकडे द्या.